काट्यावरचा तुळाभार

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर नारळ फोडणारी माणसं मी पाहिली आहेत. काट्यासमोर नाही, काट्याशेजारी नाही, चक्क काट्याच्या पाटावर. पहिल्या दणक्याला फुटला नाही म्हणून दुसरा दणका. मी सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथूनच ओरडले, "अहो, थांबा!" तोवर तिसरा दणका बसला होता, नारळाचं पाणी पाटाच्या फटीतून आत चाललं होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. देवस्थान समितीचे अध्यक्ष माझ्याकडे वळले आणि एखाद्या हट्टी पोरीला समजवावं तसं म्हणाले, "मॅडम, शुभकार्यात असं ओरडू नये."

त्यांचा तो आवाज आठवला की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

माझी सगळी नोकरी कणकवलीला कॉलेजात गेली, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. आमच्या प्रयोगशाळेला लागून काट्याची वेगळी खोली होती. तिथं पंखा लावायचा नाही, खिडकी उघडायची नाही, काटा ठेवलेल्या कडाप्प्याला कोपर टेकवायचं नाही, असे माझे नियम. काट्याच्या काचेचं दार उघडं ठेवून आकडा वाचणाऱ्या मुलांना मी बाहेर काढत असे. मुलं मागून मला काय काय म्हणायची ते मला ठाऊक होतं. पण माझ्या हाताखालून गेलेलं पोर काटा सपाट बसला आहे की नाही हे बघितल्याशिवाय त्यावर चिमूटभर मीठसुद्धा ठेवत नसे. निवृत्त झाल्यावर माझं एवढंच ज्ञान गावाच्या उपयोगी पडेल आणि तेसुद्धा असं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आमचं गाव मालवणपासून जवळ, खाडीच्या काठी. माझी थोरली बहीण, बाय, त्याच गावात दिलेली, म्हणून माझं माहेर अजून शाबूत आहे. ग्रामदेवतेच्या देवळात पूर्वापार तुळाभार व्हायचा. पोर आजारातून उठलं, उशिरा झालेलं पोर जगलं, की नवस बोललेलं माणूस त्याला देवासमोर ताजव्यात घालायचं, म्हणजे मोठ्या तराजूत, आणि त्याच्या भारंभार नारळ नाहीतर गूळ देवाला द्यायचं. ताजवा म्हणजे सभामंडपाच्या तुळईला टांगलेली फणसाच्या लाकडाची दांडी, लोखंडी साखळ्या आणि दोन बाजूंना दोन पाट. एका पाटावर पोर बसवायचं. तो पाट जमिनीला टेकलेला असायचा. दुसऱ्या पाटात एकेक नारळ पडू लागला की सगळ्यांच्या माना खाली. पोराकडे कुणी बघतच नसे, सगळे बघायचे ते पाटाच्या बुडाकडे. पाट सुटला असं वाटलं की गुरव वाकून पाटाखालून आपला हात या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवायचा. हात कुठं अडला नाही की म्हणायचा, "उचललो!" मग नवस बोललेल्या माणसानं आणखी एक नारळ वर घालायचा. तो देवाच्या आवडीचा. पोर भसकन वर जायचं, कधी हसायचं, कधी भोकाड पसरायचं. लहानपणी मी हे कितीदा तरी पाहिलं. कुठल्या पोराचं वजन किती भरलं हे आम्हाला कधीच कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

अध्यक्षांनी मात्र विचारलं. हे गृहस्थ मुंबईत कुठल्याशा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्त होऊन गावी आले आणि देवळाला लागले. जमिनीवर चकचकीत लाद्या आल्या, ज्यांच्यावर पावसाळ्यात म्हातारी माणसं घसरतात. स्टीलचे कठडे आले. दानपेटीवर मोबाईलनं पैसे पाठवायची पाटी आली. त्याच झपाट्यात त्यांना शोध लागला की देवळातला ताजवा अचूक नाही. "दांडी एका बाजूला कलते, भक्तांची फसवणूक होते," असं त्यांनी सभेत सांगितलं म्हणे. मग मुंबईच्या कुणा भक्तानं धान्याच्या दुकानात असतो तसला प्लॅटफॉर्म काटा देणगी दिला. खाली स्टीलचा चौकोनी पाट, मागे उभा दांडा आणि दांड्याच्या डोक्यावर लाल आकड्यांची पेटी. आणि मला फोन आला, "मॅडम, तुमचा विषय. तुम्हीच येऊन बसवून द्या."

मी फोनवरच सांगितलं, की तुळाभार वजन करण्यासाठी नसतो. ते म्हणाले, "विज्ञानाच्या माणसानं असं बोलावं याचं आश्चर्य वाटतं." ज्यांनी जन्मात परीक्षानळी हातात धरली नाही त्यांनी मला विज्ञान शिकवावं! मी फोन ठेवणारच होते. पण मला बायचा नवस आठवला आणि मी फोन ठेवला नाही.

बायच्या सुनेला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या. मुलगा झाला, पण तळहातावर मावेल एवढा. त्याला रातोरात गोव्याच्या इस्पितळात नेलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं. बाय तिथं किती दिवस राहिली ते तिलाही नीट सांगता येत नाही. आजीला आत सोडत नसत, दाराच्या काचेतून बघू देत. रोज सकाळी नर्स पोराला एका छोट्या काट्यावर ठेवायची आणि काट्याचं तोंड काचेकडे करायची, घरच्यांना दिसावं म्हणून. तिनं चांगुलपणानंच केलेलं ते. पण पहिले कितीतरी दिवस तो लाल आकडा रोज कालच्यापेक्षा कमी असायचा. बाय जेमतेम चौथी शिकलेली, पण आकडे तिला वाचता येत होते. मी भेटायला गेले तेव्हा ती जिन्यात पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "गो, तो आकडो बघलंय की माझे पाय जातत. माका तो आकडो नको. तेका कोणीतरी उचललेलो बघूक व्हयो माका." आणि तिथंच, त्या जिन्यात, तिनं हात जोडून देवाला सांगितलं की पोर जगलं आणि धड बसू लागलं की तुझ्या ताजव्यात घालीन आणि वर गेलेला डोळ्यांनी बघीन.

पोर जगलं.

म्हणून मी अध्यक्षांना अट घातली, की काटा बसवून देते, पण ज्याला ताजवा हवा त्याला ताजवा मिळालाच पाहिजे. "अर्थात! सक्ती थोडीच आहे?" ते म्हणाले. माझ्यासारख्या बाईनं, जिनं मुलांच्या तोंडी उत्तरावर कधी विश्वास ठेवला नाही, त्या एका 'अर्थात'वर विश्वास ठेवला.

काटा मी मनापासून बसवला, हेही सांगून टाकते. वस्तूवर माझा राग नव्हता. खोका उघडला. प्रवासात आतलं यंत्र हलू नये म्हणून पाटाखाली लाल स्क्रू आवळलेले असतात, ते आधी काढावे लागतात. ते तसेच ठेवून काटा बंद पडला म्हणून बोंबलणारे दुकानदार मी पाहिलेत. सभामंडपाच्या लाद्यांना पाणी वाहून जावं म्हणून उतार होता, तेव्हा भिंतीकडेचा सपाट कोपरा शोधला. काट्याचे चार पाय फिरवून फिरवून, सपाटी दाखवणाऱ्या काचेच्या डोळ्यातला बुडबुडा बरोबर मधल्या वर्तुळात आणला. बटण दाबून काटा तसाच थोडा वेळ तापू दिला. मग वाण्याकडून शिक्का मारलेलं पाच किलोचं वजन मागून आणलं आणि पाटाच्या मध्यभागी आणि चारी कोपऱ्यांत ठेवून बघितलं. पाचही ठिकाणी आकडा तोच. तेव्हा कुठं माझं समाधान झालं. अध्यक्ष घड्याळाकडे बघत उभे होते. त्यांना वाटलं होतं पिन लावली की झालं.

मी त्यांना सांगितलं की काटा इथून हलवायचा नाही, खाली काही अंथरायचं नाही, वरचा पंखा बंद ठेवायचा आणि पाटावर काही आपटायचं नाही. आत धातूची एक पट्टी असते, वजन पडलं की ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, आणि त्या वाकण्याचाच आकडा होतो. पट्टीला मार बसला की काटा खोटं बोलायला लागतो आणि खोटं बोलतोय हे तोंडावर दाखवत नाही. "हो हो," ते म्हणाले. मी उद्घाटनाला आले तर काटा देवासमोर मधोमध, खाली लाल गालिचा, दांड्याला झेंडूचा हार आणि हाराचं टोक पाटावर टेकलेलं. पेटीत शून्याऐवजी हाराचं वजन दिसत होतं. पाटाला हळदकुंकू, त्यावर तीर्थ शिंपडलेलं. आणि मग तो नारळ. यंत्राची पूजा करावी, माझं काही म्हणणं नाही, दसऱ्याला आम्हीही कॉलेजात करत होतो. पण ज्याची पूजा करतोय ते काय आहे हे विचारायला नको?

कुडाळहून माणूस आणून काटा दुरुस्त करावा लागला. तो आतून नारळाची करवंटी काढताना हसत होता. मी काटा पुन्हा कोपऱ्यात नेला, पुन्हा पाय फिरवले, पुन्हा वजनं ठेवली. त्या दिवशी माझं लक्ष भिंतीकडे, तिथं ठोकलेल्या नव्या पट्ट्यांकडे गेलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण माझी नजर बुडबुड्यावर होती.

बायचा नातू बसू लागला, रांगू लागला, धरून उभा राहू लागला. गोलमटोल झाला. घराच्या मागच्या दोन माडांवरचे नारळ बायनं त्याच्यासाठी राखून ठेवले होते, पाडेकऱ्याला तिनं तिथं चढू दिलं नव्हतं. ठरलेल्या दिवशी ते पोत्यात भरले, पोराला कोरं झबलं घातलं आणि आम्ही सगळी देवळात गेलो.

तुळईला ताजवा नव्हता.

तो भिंतीवर होता. दांडी, साखळ्या, दोन्ही पाट, सगळ्याला सोनेरी ऑइलपेंट फासलेला. भिंतीत पट्ट्या ठोकून, स्क्रूनं आवळून, वर दिव्याची माळ. खाली पाटी, 'आमचा प्राचीन वारसा'. आणि जमिनीवर पावलांची खूण, इथं उभं राहून फोटो काढा म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या लाकडावर गावातली पोरं बसून वर गेली, आम्ही दोघी बहिणी गेलो, बायचा मुलगा गेला, त्याला यांनी लग्नाच्या हॉलसारखं रंगवून भिंतीला खिळवून टाकलं होतं. मी अध्यक्षांना त्यांच्या 'अर्थात'ची आठवण दिली. ते म्हणाले, "मॅडम, समितीत ठराव झालाय. एकाला ताजवा, एकाला काटा, असं चालत नाही. नियम सगळ्यांना सारखा." मी म्हटलं, तुम्ही मला शब्द दिला होता. ते म्हणाले, "शब्द वैयक्तिक होता." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. माणूस इतक्या शांतपणे असं बोलू शकतो हे लोकांना कळायला हवं.

मी भांडायला पदर खोचला होता. पण बायनं माझा हात धरला. "जाव दे गो," ती म्हणाली. "देवाच्या दारात वाद नको. घालूया काट्यार." तिचा आवाज मला त्या जिन्यातल्यासारखा वाटला. तिनं नातवाला उचलून काट्यावर ठेवलं आणि पेटीवर लाल आकडे पेटले. बाय वळली. काट्याकडे पाठ करून, देवाकडेही पाठ करून, दाराकडे तोंड करून उभी राहिली. सूनबाईला वाटलं सासूबाईंना ऊन बघायचंय. मला कळलं होतं.

पोर काय गप्प बसतंय? त्याला लाल आकडे भलतेच आवडले. ते पकडायला तो दांड्याला धरून उभा राहिला. आकडे पळायला लागले, आठावरून सहावर, सहावरून दहावर. अध्यक्ष माईकवरून "हलू नको, हलू नको, बाळ" करत होते. मग काट्यावर बसायचा लाकडी पाट ठेवून त्यावर त्याला बसवलं आणि पाटाचं वजन वजा करायला विसरले. अध्यक्षांनी भलताच आकडा जाहीरही करून टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला राहवेना. पुढं होऊन पोराला उचललं, नुसता पाट ठेवून आकडा शून्यावर आणला, तेवढं दाबायला तिथं बटण असतं, आणि पोर पुन्हा ठेवलं. पोर पुन्हा उठलं.

"असं करा," अध्यक्ष म्हणाले, "आजी त्याला घेऊन उभ्या राहू देत. नंतर एकट्या आजींचं वजन वजा करू."

बाय दाराकडे बघतच म्हणाली, "माका कित्या वजा करतास?"

शेवटी पोराच्या हातात सूनबाईची बांगडी दिली तेव्हा ते क्षणभर थबकलं आणि अध्यक्षांनी आकडा पकडला. मग नारळ. आता नारळ काय वाण्याच्या पुडीसारखे असतात? एक नारळ ठेवला की आकडा पोराच्या अलीकडे, आणखी एक ठेवला की पलीकडे. ताजव्यात याचा कधी कुणाला त्रास झाला नव्हता, पलीकडे जाणं हेच तर त्यात होतं. पण अध्यक्षांना बरोब्बर तोच आकडा हवा होता. "मोठा काढा, छोटा घाला." मग "त्या नारळाची शेंडी काढा." मग काथ्या सोलायला लावला. बायनं वर्षभर राखलेले नारळ त्या माणसानं देवासमोर सोलून सोलून ग्रॅमात बसवले. आणि मी, जी आयुष्यभर मुलांना ग्रॅमाचा हजारावा भाग मोजायला लावत आले, मला तिथं शरमेनं मेल्यासारखं झालं.

"बरोबर!" अध्यक्ष माईकवर म्हणाले. "तुळाभार संपन्न झाला. गुरव, गाऱ्हाणं घाला."

आमच्याकडे देवाला काही सांगायचं तर ते गुरव सांगतो, मोठ्यानं, सगळ्या गावादेखत. त्याच्या दर वाक्याला गाव "होय म्हाराजा!" म्हणून दुजोरा देतं. गावानं होय म्हटल्याशिवाय ते देवापर्यंत पोचत नाही, असं आम्ही मानतो. आमचा गुरव आता म्हातारा आहे. पोराकडे, नारळांकडे, मग भिंतीकडे त्यानं एकवार बघितलं आणि हात जोडून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यां तुजा लेकरू तुज्या पायाकडे इला हा..."

"होय म्हाराजा!"

"तेच्या आजयेन अडचणीच्या टायमाक जो नवस बोललेलो, तो आज ती फेडता हा..."

"होय म्हाराजा!"

"तुका सांगलेला तसा, पोराक तुज्या ताजव्यात घालून, वर उचलून..."

"नाय म्हाराजा!"

गाव 'होय' म्हणायला तोंड उघडून होतं ते तसंच राहिलं. बाय वळली होती. माझी ही बहीण जन्मात चारचौघांत मोठ्यानं बोललेली नाही, मासळीवालीशी घासाघीस करायचीसुद्धा तिला लाज वाटते. ती भर देवळात उभी राहून म्हणाली, "नाय म्हाराजा! देवाक खोटां सांगू नको. ताजव्यात खंय घातलंव? माझो नातू खंय उचललो? कोणी बघलो तेका वर गेलेलो?"

गाऱ्हाण्यात 'नाय' म्हटलेलं आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. पुढं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्याची वेळच आली नव्हती. गुरवाचे जोडलेले हात तसेच होते. मग त्यानं ते हळूच सोडले आणि म्हणाला, "मी फुडे सांगूचंय नाय. ती म्हणता तां खरां आसा."

"अहो, वजन तंतोतंत भरलंय!" अध्यक्षांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मॅडम, तुम्ही सांगा. काटा तुम्ही बसवलाय. वजन बरोबर आहे की नाही?"

"वजन बरोबर आहे," मी म्हटलं. "काटा मी बसवलाय आणि त्याच्यात एका केसाचाही फरक नाही. पण तिनं वजन बोललं नव्हतं देवाला. वजन तिनं इस्पितळात काचेतून रोज बघितलंय, रोज उतरताना बघितलंय. तुमच्यापेक्षा तिला आकडे जास्त कळतात. तिला तो वर गेलेला बघायचाय. तुमच्या काट्यावर कोण वर जातं, सांगा मला. पोर ठेवलं की पाट खालीच दाबला जातो. आणि ज्याच्यावर वर जातं ते तुम्ही रंगवून भिंतीला ठोकलंय, आणि मला शब्द देऊन ठोकलंय!" मी आणखीही काही बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही. देवळात बोलण्यासारखंही नव्हतं.

काट्याचे लाल स्क्रू काढायला आणलेला स्क्रूड्रायव्हर अजून माझ्या पर्समध्येच होता. मी भिंतीशी गेले आणि पहिला स्क्रू काढायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "रंग जाईल! नवीन रंग आहे!" पण तोवर गावातले दोघंतिघं माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. तेच, ज्यांनी नारळ फुटल्यावर टाळ्या वाजवल्या होत्या. एकानं दांडी धरली, एकानं स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून काढून घेतला. "दिया हय, टीचर," तो म्हणाला. "तुमका पेलाचो नाय."

तुळईची कडी अजून जागेवर होती. ती काढायचं अध्यक्षांना सुचलं नव्हतं. दांडी टांगली, साखळ्या अडकवल्या. सोनेरी रंग साखळीच्या कड्यांत वाळून घट्ट बसला होता, तो दगडानं ठोकून मोडला. रंगाचे पापुद्रे चकचकीत लाद्यांवर पडले. रिकामा ताजवा एका बाजूला कलला, रंगवताना एक पाट जास्त चोपडला होता. गुरवानं बाहेरून एक खडा आणला, फडक्यात बांधून हलक्या बाजूच्या साखळीला लावला, दोन्ही पाट समोरासमोर आले तसा मागे सरला. काट्यावर मी पाटाचं वजन शून्य करताना बटण दाबलं होतं, ते त्यानं खड्यानं केलं. मला आतून बरं वाटलं.

पोर पाटावर बसलं. सोलून टक्कल केलेले नारळ एकेक करून समोरच्या पाटात पडू लागले. सगळ्यांच्या माना खाली वळल्या. बाय त्या घसरत्या लादीवर गुडघ्यावर बसली, मग कोपरं टेकली, मग गाल जमिनीला लावून पाटाखाली बघू लागली. नऊवारीचा पदर लादीवर पसरलेला. एक नारळ. आणखी एक. पाट थरथरला. गुरव वाकायला लागला आणि थांबला. "बाये, तूच बघ," तो म्हणाला.

बायनं हात पाटाखाली घातला. या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूहळू फिरवला. हात कुठंही अडला नाही.

"उचललो," ती म्हणाली. आधी पुटपुटली. मग रडत, हसत, ओरडली, "उचललो गो! माझो बाबू उचललो!"

मी उभ्या जागी रडले. लाज वाटली नाही. बाय उठली, पोत्यात न सोललेला एक मोठा नारळ उरला होता, तो तिनं दोन्ही हातांनी धरून वर घातला. पोर एकदम वर गेलं, घाबरून साखळी धरली आणि मग खालच्या सगळ्यांकडे बघून खदखदून हसलं. गुरवानं गाऱ्हाणं तिथूनच पुन्हा उचललं. या वेळेचं "होय म्हाराजा" खाडीपलीकडे गेलं असेल.

पोराला उतरवून घेतलं, लोक प्रसादाकडे वळले. अध्यक्ष माझ्याजवळ आले. हा माणूस पुन्हा पहिल्यासारखा शांत झाला होता, तेच मला जास्त झोंबलं. म्हणाले, "ठीक आहे, मॅडम. झालं तुमच्या मनासारखं. आता फक्त ते नारळ एकदा काट्यावर ठेवून द्या. नोंदीसाठी आकडा लागेल."

कोपऱ्यात काटा चालूच होता. रिकामा, सपाट, माझ्या हातानं बसवलेला, एका केसाचाही फरक नसलेला. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण मी गेले आणि भिंतीतली पिन ओढून काढली.

लाल आकडे विझले, तेव्हा कुठं बाय नातवाला कडेवर घेऊन त्या बाजूला आली.